बाबांना चालणारी बिनसाखरेची साखर कुत्र्याला का चालत नाही?

दिग्रसजवळच्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे. बाबांना आठ वर्षांपासून शुगर आहे. पुण्याला नोकरीवर असलेल्या भावाने संक्रांतीला येताना ‘शुगरवाल्यांना चालते’ म्हणून साखरेसारखी पांढरी भुकटी आणली. पाकिटावर नाव झायलिटॉल. आईने त्याचे तिळाचे लाडू केले. मग कुणीतरी मोबाइलवर पाठवलं की हे कुत्र्याला विष आहे. घरी शेऱ्या नावाचा गावठी कुत्रा आहे आणि परवा रात्री त्याने लाडवाची परात चाटली. तर बाबांनी लाडू खावेत का, शेऱ्याला काही होईल का, आणि ‘शुगर फ्री’ म्हणून जे जे मिळतं ते सगळं असंच असतं का?

मी यवतमाळ जिल्ह्यात २३ वर्षं पशुवैद्यक म्हणून काम करतो. बैल, म्हशी, शेळ्या हे रोजचं काम. पण कुत्र्यांच्या बाबतीत हा विषय मला फार जवळचा आहे. का, ते पुढे सांगतो.

ताई, आधी शेऱ्याचं बघू. परवा रात्री त्याने परात चाटली आणि तुम्ही आज लिहिताय, म्हणजे दीड दिवस उलटून गेला. झायलिटॉलने कुत्र्याच्या रक्तातली साखर उतरते ती बहुतेक वेळा अर्ध्या ते एका तासात, उशीर झाला तर बारा तासांत. तो धोका टळला आहे. यकृताला मार बसला असेल तर तो ७२ तासांपर्यंत दिसू शकतो, म्हणून उद्यापर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवा. भाकर खातो का, ओकतो का, हिरड्या गुलाबी आहेत की पिवळट, हिरड्यांवर लाल ठिपके आलेत का, लघवी हळदीसारखी गडद होते का, शी काळी पडते का, एवढं बघा. यातलं एक जरी दिसलं तरी लगेच दवाखान्यात न्या आणि ‘झायलिटॉल’ हे नाव स्वतःहून सांगा. परातीला चिकटलेला चुरा चाटण्यापुरताच असेल आणि शेऱ्या चांगला पंधरा किलोचा असेल, तर तो ठणठणीत राहील असं मला वाटतं. अख्खे लाडू गेले असतील तर मात्र आजच रक्त तपासून घ्या. एसजीपीटी नावाची यकृताची तपासणी तालुक्याच्या कोणत्याही लॅबमध्ये होते.

आता हे असं का होतं ते सांगतो, कारण कारण कळलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही.

माणूस असो की कुत्रा, गोड खाल्लं की साखर रक्तात येते, स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं आणि इन्शुलिन ती साखर पेशींत नेऊन टाकतं. झायलिटॉल ही साखर नाही. पण कुत्र्याचं स्वादुपिंड फसतं. त्याला वाटतं भरपूर साखर आली, आणि ते इन्शुलिनचा लोंढा सोडतं. तेवढीच खरी साखर दिल्यावर जितकं इन्शुलिन सुटेल त्याच्या अडीच ते सात पटीपर्यंत. रक्तात तर नवीन साखर आलेलीच नसते. मग ते इन्शुलिन आधीची होती-नव्हती तीही उपसून नेतं. मेंदूला साखर मिळेनाशी होते, कुत्रं झोकांड्या खातं, पडतं, झटके येतात. माणसात झायलिटॉल आतड्यातून हळूहळू आणि अर्धवटच शोषलं जातं आणि आपलं स्वादुपिंड त्याला जवळजवळ भीकच घालत नाही. म्हणून तर ते शुगरवाल्यांना देतात. बाबांच्या ज्या उपयोगासाठी ते आणलं, तोच गुण शेऱ्याच्या शरीरात उलटा पडतो.

प्रमाण सांगतो. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे ०.१ ग्रॅम पोटात गेलं की साखर उतरू शकते. ०.५ ग्रॅमच्या वर गेलं की यकृत निकामी होण्याची भीती. म्हणजे पंधरा किलोच्या कुत्र्याला दीड ग्रॅम पुरेसं आहे, आणि साडेसात ग्रॅमवर यकृताचं संकट. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण चार ग्रॅम. तुमच्या आईने लाडवाला दोन चमचे घातले असतील तर एक लाडू म्हणजे आठ ग्रॅम. एकाच लाडवात शेऱ्या दुसऱ्या हद्दीत जातो. घरात पामेरियन किंवा तीन महिन्यांचं पिल्लू असेल तर चिमूटभरसुद्धा जास्त.

या आकड्यांनी मला एकदा फार महागात शिकवलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिक्षकांच्या घरची छोटी कुत्री आणली होती. ओकत होती, पाय लटपटत होते. आपल्या कापसाच्या पट्ट्यात कुत्रं असं करताना दिसलं की पहिलं नाव तोंडात येतं थिमेटचं, म्हणजे पिकावरच्या जहाल कीटकनाशकाचं. मीही तेच धरून चाललो. खरं तर थिमेटमध्ये लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंगभर स्नायू थरथरतात. तिच्या बाहुल्या साध्या होत्या, तोंड कोरडं होतं. मी बघितलं आणि तरी थिमेटवरचं औषध, अॅट्रोपिन, दिलं. रक्तातली साखर तपासली नाही. तिसऱ्या दिवशी ती पिवळी पडली, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं आणि गेली. बिनसाखरेच्या केकचा तुकडा मुलांनी तिला घातला होता हे नंतर कळलं. त्या दिवसापासून माझ्या बॅगेत स्टेथोस्कोपच्या शेजारी ग्लुकोमीटर असतो, आणि पडलेलं कुत्रं समोर आलं की आधी एक थेंब रक्त, मग बाकी सगळं.

दुसरी गोष्ट चार वर्षांपूर्वीची, तुरीच्या दिवसांतली. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) वावरात शिरतात म्हणून लोक रात्री जागलीला जातात, तशी जागल सुरू होती. रात्री साडेदहाला फोन आला. “डॉक्टरसाहेब, कोनंतरी थिमेट घातलं जी माह्या काळ्याले. उभा राहून नाही राह्यला.” मी निघेपर्यंत फोन चालूच ठेवला. लाळ गळते का? नाही. काय खाल्लं? “भाकर बी तशीच पडून हाय जी.” मग मागून त्यांच्या लेकीचा आवाज आला, “बाबा, तुमचा तो गमचा डबा कुठं हाय?”

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, सुटावा म्हणून मुलाने त्यांना नागपूरहून बिनसाखरेच्या च्युइंगमचा डबा आणून दिला होता. खर्ऱ्याची तलफ आली की एक गोळी चघळायची. सदरा खुंटीवरून पडला होता, खिशातला डबा अंगणात फुटलेला सापडला, दहा-बारा गोळ्या गायब. घटकांमध्ये पहिल्या दोन नावांत झायलिटॉल.

त्या घरातही म्हाताऱ्या आजोबांना शुगर, त्यामुळे ग्लुकोमीटर घरातच होता. मी लेकीला फोनवर सांगितलं, काळ्याचा कान दोन्ही हातांनी चोळून गरम कर, कानाच्या आतल्या बाजूला कडेची बारीक शीर दिसते तिथे सुई टोच, थेंब पट्टीला लाव. आकडा आला ३४. माणसांचा ग्लुकोमीटर कुत्र्याचा आकडा थोडा कमी दाखवतो, पण निरोगी कुत्र्यात तो ७०-८०च्या वर हवा. ३४ म्हणजे केव्हाही झटका येईल. “घरात गूळ आहे का?” असतोच. गूळ पाण्यात घट्ट कालवून बोटाने त्याच्या हिरड्यांना, गालाच्या आतून चोळत राहा, पाजू नका, ठसका लागून फुप्फुसात जाईल. मी पोहोचलो तेव्हा ती पोरगी कंदिलाच्या उजेडात त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तिचे हात कोपरापर्यंत गुळाने चिकट झालेले, आणि काळ्या डोळे उघडून तिच्याकडे बघत होता. मी शिरेतून डेक्स्ट्रोज दिलं, मग सलाइनची बाटली गोठ्याच्या बल्लीला टांगून सकाळपर्यंत थेंब थेंब चालू ठेवली. दर तासाला आकडा. मध्यरात्री पुन्हा ४९वर आला, कारण च्युइंगममधून झायलिटॉल हळूहळू सुटत राहतं. उजाडताना ९२. एसजीपीटी वाढलं होतं, तीन आठवड्यांत खाली आलं. काळ्या अजून जागलीला जातो.

गूळ चोळणं हा इलाज नाही, दवाखान्यापर्यंत पोहोचायला मिळालेला वेळ आहे. गूळ, काकवी, मध, साखरेचं पाणी, यातलं जे हाताशी असेल ते. मीठाचं पाणी पाजून ओकवू नका. आपल्याकडे ती सवय आहे आणि मिठानेच कुत्री मेलेली मी पाहिली आहेत. ताक, तूप, लिंबू यांचाही उपयोग नाही. इतर विषांवर देतात तो कोळसा झायलिटॉलला नीट धरत नाही, त्यावर वेळ घालवू नका. ओकवायचं असेल तर ते डॉक्टरने, आणि कुत्रं शुद्धीवर असेल, खाऊन फार वेळ झाला नसेल तरच. कुत्रं अजून चांगलं दिसतंय म्हणून ‘बघू सकाळी’ असं करू नका. पाकीट, किती गेलं त्याचा अंदाज, कुत्र्याचं वजन आणि किती वाजता खाल्लं, या चार गोष्टी सोबत घेऊन निघा. जवळ दवाखाना नसेल तर १९६२ या टोल-फ्री नंबरवर फोन लावा, फिरत्या पथकाची सोय त्यावरून होते. लवकर उपचार मिळाले तर नुसती साखर उतरलेली कुत्री बहुतेक वाचतात. यकृत गेलं की कठीण.

आता बाबांचं. मी माणसांचा डॉक्टर नाही, त्यांच्या गोळ्यांबद्दल त्यांच्याच डॉक्टरांचं ऐका. पण हे पदार्थ काय आहेत ते सांगू शकतो.

यांना शुगर अल्कोहोल म्हणतात. नाव ऐकून गावात एका माउलीने मला विचारलं होतं, माळकऱ्याला चालतं का? चालतं. यात दारू नाही, नशा नाही, मोहफुलांच्या दारूशी काही नातं नाही. रेणूच्या रचनेवरून रसायनशास्त्राने दिलेलं ते नाव आहे. सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल, एरिथ्रिटॉल, लॅक्टिटॉल, आयसोमाल्ट ही सगळी एकाच घरातली भावंडं. निसर्गातही ती असतात. सफरचंद, नासपतीत सॉर्बिटॉल असतं. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या सात्यांसारख्या अळिंब्यांत मॅनिटॉल असतं. फुलकोबीत थोडं झायलिटॉलही असतं, पण इतकं नगण्य की शेऱ्याने फुलकोबी खाल्ली तर काळजी नको. झायलिटॉल पहिल्यांदा १८९१ साली मिळालं. आज ते बर्च झाडाच्या लाकडापासून किंवा दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसांपासून करतात. दातांना त्याचा फायदा होतो हे फिनलंडमधल्या तुर्कू शहरात १९७०च्या दशकात झालेल्या अभ्यासांनी पुढे आणलं. तोंडातल्या ज्या जंतूंमुळे दात किडतात त्यांना ते पचत नाही. म्हणून च्युइंगम, टूथपेस्ट, तोंड धुवायची औषधं यांत ते सापडतं.

साखरेच्या एका ग्रॅमला चार कॅलरी, झायलिटॉलला २.४, सॉर्बिटॉलला २.६, माल्टिटॉलला २.१, एरिथ्रिटॉलला फक्त ०.२. झायलिटॉलचा गोडवा साखरेइतकाच, बाकीच्यांचा कमी. रक्तातली साखर झायलिटॉलने फार थोडी वाढते, एरिथ्रिटॉलने जवळजवळ नाहीच. माल्टिटॉलने मात्र चांगली वाढते, आणि मिठाईच्या दुकानातल्या ‘शुगर फ्री’ चॉकलेट-बर्फीत पुष्कळदा तेच असतं. ते खाऊन बाबांची शुगर २२० आली तर मशीनचा दोष काढू नका. शिवाय लाडवात बेसन असतं, पेढ्यात खवा असतो. ‘शुगर फ्री’ म्हणजे वरून साखर घातली नाही एवढंच. खव्यातली दुधाची साखर आणि बेसनातला स्टार्च जागेवरच आहे. तिळाच्या लाडवाचं तसं बरं आहे, पण तीळ-शेंगदाण्याचं तेल आणि कॅलरी कमी होत नाहीत. दिवसाला एक छोटा लाडू ठीक.

पोटाचं ध्यानात ठेवा. न शोषलेलं झायलिटॉल आतड्यात पाणी ओढून घेतं आणि मोठ्या आतड्यातले जंतू ते आंबवतात. मग पोट गुडगुडतं, वायू होतो, जास्त झालं तर पातळ होतं. पुष्कळ पाकिटांवर बारीक अक्षरांत ‘जुलाब होऊ शकतात’ असं लिहिलेलं असतं ते याचमुळे. सॉर्बिटॉल वीस ग्रॅमवरही काहींना त्रास देतं. एरिथ्रिटॉल बहुतांशी लहान आतड्यातच शोषलं जाऊन लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं, म्हणून ते पोटाला सोसतं. तरी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली त्याची दिवसाची हद्द किलोमागे अर्धा ग्रॅम ठरवली. साठ किलोच्या माणसाला तीस ग्रॅम. थोड्यापासून सुरुवात करा, आठवडाभरात पोट सरावतं. लहान पोरांच्या हाती मूठभर देऊ नका.

बाबांना हृदयाचा त्रास असेल, अँजिओप्लास्टी झाली असेल, तर हे वाचा. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०२३ साली मांडलं की ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त होतं त्यांना पुढच्या तीन वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघात जास्त झाले. २०२४ साली त्याच गटाने झायलिटॉलबद्दल तसंच मांडलं. ३० ग्रॅमचं पेय प्यायल्यावर रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) गुठळ्या करायला जास्त तयार होतात असंही त्यांना दिसलं. एरिथ्रिटॉल आपलं शरीर स्वतःही थोडं बनवतं, शुगरवाल्यांत जास्त, म्हणून रक्तातलं प्रमाण आणि आजार यांत कारण कोणतं आणि परिणाम कोणता हा वाद आहे. यावरून घाबरून गुळाकडे परत जाऊ नका, गूळ बाबांना साखरेसारखाच. पण रोज चार वेळा चहात, वर लाडू, वर बिस्कीट असा मारा करू नका.

आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. बाबा इन्शुलिनवर किंवा गोळ्यांवर असतील आणि कधी त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापायला लागले, बोलणं अडखळलं, तर त्यांची शुगर उतरली आहे. त्या वेळी हे लाडू देऊ नका. काही उपयोग होणार नाही. खरी साखर, गूळ, ग्लुकोज द्या. काळ्याला जे दिलं तेच बाबांना, फक्त बाबा गिळू शकत असतील तर तोंडाने.

राहिला प्रश्न सगळं ‘शुगर फ्री’ सारखंच का. नाही. मेडिकलमधल्या छोट्या गोळ्यांत बहुतेक अॅस्पार्टेम किंवा सुक्रालोज असतं. ती शुगर अल्कोहोल नाहीत, कुत्र्याचं इन्शुलिन त्याने उसळत नाही. स्टीव्हियाच्या पुड्यांत भर म्हणून बऱ्याचदा एरिथ्रिटॉल असतं. तेही कुत्र्याला विषारी नाही, सॉर्बिटॉल-मॅनिटॉलनेही फार तर हगवण लागेल. जीव घेणारं या घरातलं एकच, झायलिटॉल. इंग्रजीत त्याचं नाव एक्स अक्षराने सुरू होतं, नाव न लिहिता आकडा टाकला असेल तर ९६७ बघा, कुठे बर्च शुगर असंही लिहितात. टूथपेस्ट, तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या, काही सिरप, कीटो मिठाई, निकोटीनचे गम यांच्यावर ते शोधा. निकोटीन गममध्ये तर निकोटीन आणि काहींमध्ये झायलिटॉल, दोन्ही विषं एकत्र. मांजर याला बऱ्यापैकी तोंड देतं. शेळ्या, गायींना शिरेतून दिल्यावर त्यांचंही इन्शुलिन वाढल्याचं आढळलं आहे, तेव्हा बिघडलेले लाडू शेळीपुढे टाकू नका. लाडवात मनुका असतील तर कुत्र्याच्या मूत्रपिंडाला त्या वेगळ्याच घातक आहेत.

भावाला फोन करून पुढच्या वेळी एरिथ्रिटॉल आणायला सांगा. गोडी थोडी कमी लागेल, जिभेवर थंड लागेल, पण दारात शेऱ्या असताना तेच बरं. आताचं पाकीट फेकू नका, झाकणाच्या डब्यात घालून नाव लिहून वरच्या फळीवर ठेवा, म्हणजे पाहुण्या बाईने साखर समजून चहात आणि चहाची उरलेली बशी शेऱ्यापुढे, असं होणार नाही. आईला सांगा, झायलिटॉलचा गुळासारखा चिकट पाक होत नाही. तीळ-शेंगदाण्याचा कूट चांगला तेल सुटेपर्यंत कुटला तरच लाडू वळतील, नाहीतर चुरा होतो आणि तो चुराच खाली सांडतो. आणि परात अंगणात ठेवण्याआधी घासून घ्या, खरकटं पाणी शेऱ्या बसतो त्या बाजूला टाकू नका.